सहा महिने झाले, खांदा दुखत नाही, मग मॅटवर उतरू का? ताकदीची टेस्ट कुणी केलीय का?

डावा_कोपरा, २६ ऑगस्ट

राम राम मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीकडचा, वय २४, वजन ७४, कबड्डी खेळतो, नावावरनं कळलंच असंल की डावा कोपरा. जानेवारीत एका निमंत्रित स्पर्धेत साखळी करून उभा होतो, माझा उजवा हात शेजारच्या पोराच्या हातात, आणि चढाईवाला आमच्या दोघांच्या मधनं असा काही घुसला की हात पार मागं ओढला गेला आणि खट्. खांदा निसटायची ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी ग्राउंडवरच एकानं ओढून बसवला होता, दुसऱ्या वेळी मीच हिसडा देऊन बसवला. तिसऱ्यांदा मात्र एमआरआय, मग दुर्बिणीतनं ऑपरेशन, बँकार्ट रिपेअर म्हणतात ते. फेब्रुवारीत झालं. सहा आठवडे झोळीत हात, मग फिजिओ.

आता सहा महिने झालेत. दुखत नाही, हात पूर्ण वर जातोय, दुधाची किटली उचलतो, गाडी चालवतो. सर्जन म्हणाले हळूहळू चालू कर. कोच म्हणतात सोमवारपासनं ये, दिवाळीनंतर स्पर्धा चालू होत्यात. आणि फिजिओ मॅडम म्हणतात थांब, आधी ताकद मोजूया. त्यांनी हातात मावणारं एक यंत्र लावून मोजली आणि कागद दिला, त्यात असं आहे:

कोपर अंगाला लावून हात बाहेर ढकलायचा : डावा १५.२ किलो, उजवा ११.४
तसंच आत दाबायचा : डावा १९, उजवा १८
हात खांद्याच्या रेषेत उचलून कोपरात वाकवून, मग मागं ढकलायचा : डावा १४, उजवा ९.१

मॅडम म्हणल्या अजून दोन महिने. आता मला सांगा, न दुखणाऱ्या खांद्याला हे साडेतीन-चार किलो कमी म्हणजे एवढं काय मोठं? कुणी असली टेस्ट केलीय का? का उगं फी वाढवायचं काम आहे?

तालमीतला_नातू, २६ ऑगस्ट

भावा, आमच्या आज्ज्याच्या तालमीत असलं काय मशीन नव्हतं. पैलवानाचा खांदा गेला की वस्ताद तीन महिने नुसती माती उकरायला लावायचे, मग मुद्गलांची हलकी जोडी हातात द्यायचे, आणि जोडी फिरवताना तोंडाकडं बघायचे. तोंड वाकडं झालं की जोडी काढून घ्यायची. बास. हीच टेस्ट. तू कोपऱ्यात उभा राहणारा गडी, एवढा विचार करत बसलास तर पट कधी काढणार?

फिजिओताई, २७ ऑगस्ट

मी नाशिकला क्रीडा फिजिओ आहे, तुमची केस माझ्याकडे नाही त्यामुळे निर्णय तुमच्या मॅडमचाच, पण कागद वाचायला मदत करते.

आधी एक कान धरते. ग्राउंडवर ओढून बसवलेला खांदा हा प्रकार परत नको. आत हाड तुटलंय का, नस दाबलीय का हे तिथे कुणालाच दिसत नाही. झोळी बांधायची आणि दवाखाना गाठायचा.

आता खांदा. शाळेत लिंबू-चमचा शर्यत खेळला असाल ना? खांदा तोच प्रकार आहे, चमचा उथळ आणि लिंबू मोठं. म्हणूनच हात चहूबाजूंनी फिरतो आणि म्हणूनच निसटतो पण. चमच्याच्या कडेला लॅब्रम नावाची मऊ कड असते, तुमची पुढची कड फाटली होती ती सर्जननी शिवली. पण लिंबू जागेवर धरून ठेवायचं काम रोजच्या रोज करतात ते चार स्नायू, रोटेटर कफ. शिवण भरली म्हणजे हे चार जण कामावर परत आले असं होत नाही, सहा आठवडे झोळीत बसून ते बारीक होतात आणि न दुखता बारीकच राहतात. दुखणं थांबलं हा एक निरोप झाला आणि ताकद परत आली हा दुसरा, पहिला आला म्हणून दुसरा आलाच असं धरून चालू नका.

तुमचे आकडे. आत दाबायची ताकद १९ ला १८, म्हणजे ९५ टक्के, छान. बाहेर ढकलायची १५.२ ला ११.४, म्हणजे ७५ टक्के. साधारण ९० टक्क्यांच्या खाली असलो की आम्ही खेळाचं नाव काढत नाही. शिवाय तुम्ही उजव्या हाताचे असाल तर, हातानं खेळायच्या खेळात वापरातला हात मुळातच थोडा भारी असायला हवा, दहाएक टक्के म्हणा. आणि तुमचा डावापण सहा महिने मॅटवर गेलेला नाही, तोही उतरलेलाच असणार. म्हणजे हे ७५ टक्के दिसतंय त्याहून वाईट आहे.

दुसरं, त्याच हाताची बाहेरची ताकद भागिले आतली. डाव्याचं ८० टक्के येतंय, उजव्याचं ६३. असं स्थिर जोर लावून मोजतो तेव्हा हे निदान ७५ तरी हवं, शंभरच्या जवळ गेलं तर उत्तमच. छाती आणि पुढचे स्नायू जोर, दंड मारून लवकर परत येतात, मागचे बिचारे मागे राहतात. पुढचा घोडा जोरात आणि मागचा लंगडा, मग टांगा कुठे जाणार.

आणि तिसरी ओळ, ज्याकडे तुम्ही बघितलंच नाहीये असं वाटतं. हात वर, कोपर वाकवलेलं, मागे ढकलणं. १४ ला ९.१ म्हणजे ६५ टक्के. तुमचा खांदा निसटला तो साधारण याच अवस्थेत ना? साखळीत हात बाजूला ताणलेला आणि मागे ओढला गेलेला. म्हणजे जिथं चोर शिरला तीच खिडकी अजून उघडी आहे.

डावा_कोपरा, २७ ऑगस्ट

ताई हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. तिसरी ओळ मी खरंच सोडून दिली होती, म्हटलं अशा अवस्थेत कोण ढकलतंय.

फिरकी_जमेना, २७ ऑगस्ट

क्रिकेटवाल्याचं मत घ्या. २३ मार्च २०२१, पुण्याजवळचं गहुंजे, इंग्लंडविरुद्ध पहिली वनडे. घरी टीव्हीवर बघत होतो, श्रेयस अय्यरनं बेअरस्टोचा फटका अडवायला सूर मारला आणि डावा खांदा धरून बाहेर गेला. एप्रिलमध्ये ऑपरेशन, आयपीएलचा पहिला टप्पा गेला, दिल्लीची कप्तानी पंतकडे गेली, आणि हा परत आला सप्टेंबरमध्ये युएईत. म्हणजे पाचएक महिने. मग आमच्या कबड्डीवाल्याला सहा महिने होऊन परत दोन महिने का बुवा?

खवचट_काका, २७ ऑगस्ट

सचिन पण २००६ ला ऑपरेशन करून दोन महिन्यांत आला होता की. पूर्वी नव्हती ही थेरं.

फिरकी_जमेना, २७ ऑगस्ट

काका दोन नाही हो. मार्चमध्ये लंडनला ऑपरेशन, वेस्ट इंडिजचा अख्खा दौरा हुकला, आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला आल्या आल्या वेस्ट इंडिजलाच नाबाद १४१. सचिनच्या बाबतीत तरी तारखा चुकवू नका, इथं लोक रागावतात.

फिजिओताई, २८ ऑगस्ट

श्रेयसचं उदाहरण चांगलं काढलंत. तो उजव्या हाताचा फलंदाज, लागला डावा खांदा. फेकायचा हात शाबूत. शिवाय त्याला कुणी अंगावर येऊन पाडणार नाहीये. उद्या तीच इजा उजव्या खांद्याला आणि एखाद्या वेगवान गोलंदाजाला झाली तर हिशोब वेगळा, आणि पकड करणाऱ्याला झाली तर अजून वेगळा. म्हणून "अमक्याला इतके महिने लागले" हे मोजमाप मला पटत नाही. कॅलेंडर एवढंच सांगतं की शिवण भरायला वेळ मिळाला, त्याच्या आधी टेस्ट कितीही चांगली आली तरी उतरायचं नाही. पण वेळ झाली की आपोआप तयार झालो असंही नाही.

२०२१ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, बँकार्ट रिपेअर झालेल्या खेळाडूंचाच. ज्यांना ताकदीच्या आणि हालचालींच्या टेस्ट घेऊन मग खेळायला सोडलं त्यांच्यात खांदा परत निसटायचं प्रमाण ५ टक्के, आणि नुसत्या वेळेवर सोडलं त्यांच्यात २२. एका अभ्यासावर सगळं ठरत नाही हे मान्य, पण मी पेशंटला हे सांगते तेव्हा पुढची अपॉइंटमेंट कुणी चुकवत नाही.

पोहणारीची_आई, २८ ऑगस्ट

माझा थोडा वेगळा प्रश्न, धागा भरकटवत असेन तर सांगा. मुलगी १५ वर्षांची, ठाण्याला पोहते, बटरफ्लाय. निसटला वगैरे काही नाही पण दोन्ही खांदे दुखतात. तीन आठवडे पाणी बंद होतं, आता कोचना ती परत हवीये. इथे सगळे चांगल्या हाताशी तुलना म्हणताहेत, तिचा चांगला हात कोणता धरायचा?

फिजिओताई, २८ ऑगस्ट

अजिबात भरकटवत नाही आहात, उलट नेमका खड्डा दाखवलात. दोन्ही खांदे आजारी असतील तर दोन्ही सारखेच कमजोर असू शकतात आणि तुलना करून शंभर टक्के येईल! तिथे मग वजनाच्या मानानं ताकद किती आणि त्याच हाताची बाहेर-आत जोडी कशी, हे बघायचं. पोहणाऱ्यांची पाणी ओढून ओढून आतली बाजू दणकट होते आणि बाहेरची मागे पडते, त्यामुळे जोडीचा आकडा महत्त्वाचा. आणि दुखत असताना मोजू नका, दुखऱ्या स्नायूचा आकडा ताकद सांगत नाही, दुखणं सांगतो. खरं म्हणजे हे सीझनच्या सुरुवातीला धडधाकट असतानाच मोजून वहीत लिहून ठेवावं, मग नंतर तिची तुलना तिच्याशीच. आपल्याकडे मुलांचं वजन-उंची मोजतात, हे कुणी मोजत नाही.

खवचट_काका, २८ ऑगस्ट

यंत्र धरणारी फिजिओ ५० किलोची आणि समोर ९० किलोचा गडी. तो ढकलणार आणि ही भिंतीला. मग आकडा कुणाचा?

फिजिओताई, २८ ऑगस्ट

काका आज पहिल्यांदा तुमचं बरोबर आहे 😄 मी ५२ किलोची आहे आणि माझ्याकडे पैलवान येतात. म्हणून यंत्र हातात न धरता पट्ट्यानं टेबलाला किंवा भिंतीला बांधायचं. नाहीतर खेळाडूची नाही, माझी ताकद मोजली जाते. आणि प्रत्येक वेळी सगळं तसंच, तीच जागा, कोपर आणि बरगडीत तीच टॉवेलची गुंडाळी, तीन वेळा, मध्ये विश्रांती. एकदा बसून, एकदा झोपून मोजलं तर दोन कागद शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

मोठं आयसोकायनेटिक मशीन असतं ते ठरलेल्या वेगानं हात फिरवताना मोजतं, सेकंदाला ६० अंश, १८० अंश असं. त्यात ब्रेकची ताकद पण कळते, म्हणजे फेकलेला हात थांबवताना मागचे स्नायू लांबत लांबत किती धरून ठेवतात. गोलंदाजांना त्याचा फार उपयोग. पण ते महाग आणि मोजक्या मोठ्या ठिकाणी, सांगलीच्या पोरानं त्यासाठी थांबायची गरज नाही.

डावा_कोपरा, २९ ऑगस्ट

ताई, आमच्या मॅडम आठवड्यातनं एकदाच इकडं येतात. घरी मोजता येईल असं काही?

फिजिओताई, २९ ऑगस्ट

कोपर अंगाला लावून करायची टेस्ट घरी होते. बाजारात टांगायचा डिजिटल काटा मिळतो, भंगारवाले आणि मटणवाले वापरतात तो. एक टोक खिडकीच्या गजाला पक्कं बांधा, दुसऱ्याला पट्टा, कोपर आणि बरगडीत टॉवेल, आणि हिसका न देता हळूहळू जोर वाढवत पाच सेकंद बाहेर ओढा. तीनदा. अंगठा वर, अंग वळवायचं नाही, भाऊ असेल तर त्याला आकडा वाचायला बसवा. काटा नसेल तर बीपीचं मशीन, पट्टा गुंडाळून २० पर्यंत हवा भरायची आणि दाबल्यावर काटा कुठवर जातो ते बघायचं, किलो नाही कळणार पण दोन हातांतला फरक कळतो. हात वर करून करायची टेस्ट मात्र घरी नको, ती मॅडमसमोरच.

रग्बीतला_मराठी, ३० ऑगस्ट

वेल्समधून लिहितोय, इथे रग्बीच्या पोरांबरोबर काम करतो. टॅकल मारणाऱ्या खेळासाठी आम्ही अजून एक टेस्ट घेतो, अ‍ॅश टेस्ट म्हणतात, रग्बीवाल्यांसाठीच निघाली होती. पालथं झोपायचं, हात लांब ताणून तळवा फोर्स प्लेटवर, म्हणजे जोर मोजणाऱ्या पाटीवर, दाबायचा, आधी डोक्याच्या रेषेत, मग तिरका, मग बाजूला. हात इंग्रजी आय, वाय, टी अक्षरांसारखे. लांब हातावर जोर आला की खांद्याची खरी परीक्षा, आणि प्लेट हेही सांगते की जोर किती वेगात आला. हे फार लोक विसरतात. चार सेकंदांनी १५ किलो जोर येत असेल तर त्याचा काय उपयोग, चढाईवाला तोवर रेषा ओलांडून गेला.

प्लेट नसेल तर साधी टेस्ट, जमिनीवर तीन फुटांवर दोन चिकटपट्ट्या, दंड मारायच्या अवस्थेत दोन्ही हात पट्ट्यांवर, आणि १५ सेकंदांत एक हात उचलून दुसऱ्या हाताला शिवायचं, आळीपाळीनं. वीसएकवीसच्या पुढे गेलास तर बरं चाललंय म्हणायचं. पण यात दोन्ही हात मिळून खेळतात, चांगला हात वाईटाला झाकतो, म्हणून एकट्या याच्यावर भरवसा नको.

आणि एक, ताजातवाना असताना मोजतोस तसं सराव करून दमल्यावर पण मोज. आमच्याकडे बरेच जण शेवटच्या वीस मिनिटांत खांदा मोडून घेतात.

तालमीतला_नातू, ३० ऑगस्ट

वाचतोय सगळं. एक सांगतो, आमच्या तालमीत जोर रोज हजार हजार, पण बाहेरच्या बाजूचं असं वेगळं कोण काय करत नव्हतं, करेला, म्हणजे ते मोठं मुद्गल, सोडलं तर. आज्ज्याचा स्वतःचा खांदा म्हातारपणी उचलत नव्हता, केस विंचरायला आज्जी लागायची. हे आत्ता आठवलं.

फिजिओताई, ३१ ऑगस्ट

तुमच्या वस्तादांची तोंडाकडे बघायची टेस्ट मी पण घेते बरं का. यंत्रात ती येत नाही. त्याच्यासाठी आता प्रश्नावली आहे, सिरसी म्हणतात, बारा प्रश्न, शंभरपैकी गुण. खांदा परत निसटेल अशी भीती वाटते का, खेळताना सारखा खांद्याचा विचार येतो का, असे. ताकद पूर्ण आलेली पोरं यात चाळीस मिळवतात आणि मॅटवर हात आखडून खेळतात. हात आखडणारा कोपरा कसा पकड करणार? २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या नावानं तज्ज्ञांचं एकमताचं निवेदन निघालं त्यातही हेच आहे, दुखणं, हालचाल, ताकद, पाय-कंबरेची साथ, मन आणि त्या त्या खेळातली कामं, सगळं बघायचं. ताकद त्यातली एक. पण सगळ्यात सोपी मोजायला आणि सगळ्यात जास्त वेळा न मोजलेली.

खवचट_काका, ३१ ऑगस्ट

बॅडमिंटन खेळून माझा रोटेटर कफ अर्धा फाटलाय, वय ५८. मला पण काटा आणावा लागणार म्हणजे. बायको म्हणतेय आधी भाजी मोजून आण.

डावा_कोपरा, १९ ऑक्टोबर

धागा वर काढतोय. सात आठवडे झाले. सोमवारी जाणार होतो ते गेलो नाही, कोच चारपाच दिवस बोलले नाहीत, मग मी त्यांना कागद दाखवला आणि तिसऱ्या ओळीचं सांगितलं तसं गप्प झाले. म्हणाले जानेवारीत तुला साखळीत मीच उभा केलता.

व्यायाम म्हणजे रबराचे पट्टे, पालथं पडून हात मागं उचलायचे, आणि मॅडम वरनं हात दाबत्यात आणि मी हळूहळू सोडायचा. दिसायला पोरखेळ पण दुसऱ्या दिवशी शर्ट घालता येत नव्हता. दर रविवारी खिडकीला काटा, भाऊ वहीत लिहितोय. आई म्हणती खिडकी निघंल.

काल मॅडमनी परत मोजलं, पट्टा टेबलाला बांधूनच, मी सांगायच्या आधी.
बाहेर : डावा १५.४, उजवा १४.१
आत : उजवा १८.६
हात वर करून मागं : डावा १४.१, उजवा १२.२
चिकटपट्टीची टेस्ट २२, पहिल्यांदा घरी १७ आलते.

फिजिओताई, १९ ऑक्टोबर

वा! बाहेरचं ९२ टक्के, जोडीचा आकडा ७६. तिसरी ओळ ६५ वरून ८६-८७ वर आली. मॅडम काय म्हणाल्या?

डावा_कोपरा, १९ ऑक्टोबर

म्हणल्या मॅटवर जा पण पकड नाही. पायाची हालचाल, एकट्याची पकड डमीवर, मग पंधरा दिवसांनी हलक्या पोराबरोबर अँकल होल्ड, म्हणजे घोट्याची पकड. साखळी आणि डॅश, म्हणजे धक्का देऊन बाहेर काढणं, सगळ्यात शेवटी, तिसरी ओळ ९० च्या वर गेल्यावर, आणि ती दमल्यावर पण मोजणार म्हणल्या. पहिल्या दोन स्पर्धा जाणार. ते बारा प्रश्न पण विचारले, ५८ आले. भीती वाटते का विचारलं तेव्हा खोटं बोलायला जमलं नाही.

तालमीतला_नातू, २० ऑक्टोबर

५८ लई हायत भावा. काटा कुठनं घेतलास ते सांग, आमच्या तालमीत दोन पोरांचे खांदे गेल्यात.

डावा_कोपरा, २० ऑक्टोबर

सांगलीत मार्केट यार्डाजवळ. ५० किलोचा घे, आणि हुक बघून घे, माझ्या पहिल्याचा हुक वाकला.